मयत माणिकराव हजर आहेत

"माणूस एकदा मेला तेवढं बास झालं. दुसऱ्यांदा मरू देणार न्हाई मी त्यायला," बायनाबाई म्हणाली आणि कडुलिंबाच्या झाडाला पाठ लावून खाली बसली.

"माय, अगं मारायचं कुठं हाय? नुसतं मयत लिवायचं हाय," भुजंग म्हणाला.

"मंग हातात कोयता कामून हाय?"

भुजंगनं हातातल्या कोयत्याकडं असं बघितलं, की जणू तो कुणीतरी रस्त्यात त्याला धरायला दिला होता. "हे होय? हे पाला उतरवायला. चार दिवस जरा वाळल्यावानी दिसलं पायजे. फोटोपुरतं."

"तुझ्या बापानं जन्मात सोंग केलं न्हाई. मेले तव्हा खरंच मेले."

सविता बांधावर भाकरीचं फडकं घेऊन उभी होती. नवरा आणि सासू भांडायला लागले की ती कुणाचीच बाजू घेत नसे. फक्त वेळ सांगायची. "दीड वाजलाय. भाकरी गार होयलीय," ती म्हणाली.

"तू कायतरी बोल की मायला," भुजंग तिच्यावर खेकसला.

"मी काय बोलू? तुमचा बाप, तुमची माय, तुमचा कोयता."

आता कुणी म्हणेल, एका लिंबाच्या झाडापायी एवढी हुज्जत कशाला. पण ते झाड म्हणजे भुजंगचे वडील होते. माणिकराव. गावातही तसंच म्हणायचे, ऑफिसातही तसंच, आणि खरी भानगड त्या ऑफिसामुळंच झाली.

माणिकराव दोन वर्षांपूर्वी वारले. हे गाव पेडगावच्या पुढं जीपमधून उतरलं की उजव्या हाताला आहे. नाव सांगत नाही, सरपंच ओळखीचा आहे. तर त्या सरपंचानं, महारुद्रनं, तेव्हा नवीनच टूम काढली होती. राख नदीत टाकायची नाही. तशीही नदीत टाकायची तर आधी नदीत पाणी पाहिजे. आपल्याच शेतात खड्डा घ्यायचा, राख त्यात टाकायची आणि वर झाड लावायचं. पहिला नंबर माणिकरावांचा लागला. महारुद्रनं भाषण केलं, फोटो काढला आणि पेपरात छापून आणला. फोटोत महारुद्र पूर्ण दिसत होता आणि रोपाची दोन पानं दिसत होती.

झाड कोणतं लावायचं, हे बायनाबाईनं ठरवलं. भुजंग आंबा म्हणत होता. "आंबा नगं," ती म्हणाली. "उद्या फळ धरलं तर खायचं कुणी? अन् खाल्लं तर काय खाल्लं म्हणायचं? लिंब लावा. बोलायला कडू व्हते, सावलीला बरे व्हते."

तेव्हापासून रोज संध्याकाळी बायनाबाई विहिरीतून कळशी भरून बांधावर न्यायची. गुडघे दुखायचे, पण न्यायची. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. पाणी घालता घालता दिवसभराचं सगळं सांगायची. म्हैस कशी वागली, सून काय म्हणाली, भुजंग कसा ऐकत नाही. चाळीस वर्षांत माणिकरावांनी एकदाही इतकं शांतपणं ऐकून घेतलं नव्हतं. झाड दोन वर्षांत नऊ फूट झालं.

मग सोमवारी मेसेज आला. माणिकरावांचा जुना मोबाईल बायनाबाई अजून चार्ज करून ठेवायची, त्याच्यावरच आला. सौर पंपाचा नंबर लागला होता. माणिकरावांनी तीन वर्षांपूर्वी स्वतः अंगठा देऊन अर्ज केला होता. त्यांच्या विहिरीची लाईट एक आठवडा दिवसा यायची अन् एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात ते बॅटरी घेऊन, काठी आपटत पाणी द्यायला जायचे. "पंप आला की मी दिवसा पाणी देईन अन् रात्री माणसासारखा झोपेन," असं ते सगळ्यांना सांगायचे. झोपायला गेले, पण पंप यायच्या आधी.

मेसेजमध्ये पुढं लिहिलं होतं, की येत्या सोमवारी माणसं पंप बसवायला येतील. लाभार्थी मयत असल्यास वारस नोंद तयार ठेवावी, अन्यथा नंबर पुढच्याला जाईल.

वारस नोंद भुजंगनं दोन वर्षांत केली नव्हती. सविता महिन्यातून एकदा आठवण करायची. तो म्हणायचा, "करू की. जमीन काय उठून पळायलीय?" जमीन पळाली नाही. नंबर पळायला निघाला.

मंगळवारी सकाळी तो मृत्यूचा दाखला, सातबारा, चार झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन तलाठ्याकडं गेला. तलाठी म्हणजे सुकेशनी मॅडम. चार गावं एकट्या सांभाळायच्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत, आणि टेबलावर लॅपटॉपशेजारी कायम एक पाण्याची बाटली असायची. त्यांनी दाखला बघितला, नंबर टाकला आणि थांबल्या.

"दाखला बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमचे वडील मागच्या महिन्यात हजर होते."

"कुठं?"

"शेतात. फोटो आहे." मॅडमनी लॅपटॉप फिरवला. पडद्यावर लिंबाचं झाड होतं. खाली माणिकरावांचं नाव, आधार नंबर, आणि पुढं लिहिलं होतं, स्थिती जिवंत, वाढ चांगली, उंची नऊ फूट.

"मॅडम, हे झाड हाय."

"मला दिसतंय झाड आहे. कॉम्प्युटरला दिसत नाही."

"आमचा आबा साडेपाच फूट व्हता."

"मग वाढलेत म्हणायचं," मॅडम शांतपणं म्हणाल्या. त्यांनी मग समजावून सांगितलं. ग्रामपंचायतीनं झाडांच्या ॲपवर माणिकरावांच्या आधार नंबरावर दोन वर्षांत सहा वेळा 'जिवंत' म्हणून फोटो चढवला होता. "कागदावर ते एकदा वारलेत, कॉम्प्युटरवर सहा वेळा जिवंत आहेत. सहाला एक. मी वारस नोंद टाकली की कॉम्प्युटर परत फेकतो. तुम्ही ग्रामपंचायतीतून ती नोंद आधी मयत करून आणा. मग माझं दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांची कामं भुजंगला ठाऊक होती. रेशनकार्डात लेकीचं नाव टाकायचं दोन मिनिटांचं काम होतं. तेव्हा लेक रांगत होती. नाव पडलं तेव्हा ती सायकल चालवत होती.

ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर चालवायला बजरंग होता. भुजंगनं आत शिरताच टेबलावर हात आपटला.

"आबा मेला हे ठाव हाय का तुला?"

"मातीला व्हतो की मी. खांदा दिलता."

"मंग ॲपवर जिता कसा?"

बजरंगनं शांतपणं मोबाईल काढला. "हे बग, भुजंगदादा. ॲपमध्ये झाड कुणाच्या आठवणीत लावलं, असा रकानाच न्हाई. पालक असा रकाना हाय. म्हणलं, आठवण आबाची, तर नाव बी आबाचंच. अन् पालकाचा आधार नंबर दिल्याबिगर पुढं जात न्हाई ते."

"मंग नंबर कुठून आणलास?"

"तूच दिलास. झेरॉक्स घेऊन पळत आलतास. म्हणलास, आबाचं नाव बरोबर आलं पायजे, काना मात्रा चुकला न्हाई पायजे."

हे खरं होतं. भुजंगला ते आठवलं आणि त्यामुळं त्याला आणखीच राग आला. "बरं, नाव काढ आता."

"नाव काढता येत न्हाई. नुसतं मयत करता येतं." बजरंगनं मयतचं बटण दाबलं. "कारण विचारायलंय. शेळीनं खाल्लं, वाळलं, वाहून गेलं, चोरी गेलं, वीज पडली. आबा कशानं गेले लिवू?"

"हार्टनं गेले."

"हार्ट न्हाई ह्याच्यात."

"जवळचं काय हाय?"

"वाळलं."

भुजंगनं जरा विचार केला. "शेवटी शेवटी वाळलेच व्हते. लिव."

बजरंगनं लिहिलं. मग ॲपनं मेलेल्या झाडाचा फोटो मागितला, जाग्यावर उभं राहून काढलेला. "आता हे झाड वाळल्याबिगर आबा मरत न्हाईत," बजरंग म्हणाला.

तेवढ्यात भुजंगचं लक्ष मोबाईलवरच्या यादीकडं गेलं. गावानं 'हरित गाव' स्पर्धेत भाग घेतला होता आणि यादीत एक्कावन्न झाडं होती. आबाचं एक, बाकीची पन्नास रस्त्याकडेची. भुजंगनं बोटानं यादी वर सरकवली. एक लिंब. दुसरा लिंब. तिसरा लिंब. प्रत्येकाभोवती बाभळीचं कुंपण. माणूस शिकलेला नसला तरी आपली म्हैस ओळखतो.

"बजरंग, रस्त्याकडच्या झाडाजवळ आमची म्हैस काय करायलीय?"

बजरंगनं मोबाईल परत घ्यायला हात पुढं केला.

"ह्याच्यात तोंड हाय. ह्याच्यात शेपूट. ह्याच्यात नुसतं शेण. एक्कावन झाडं अन् म्हैस एकच?"

"फिरून फिरून काढले," बजरंग हळूच म्हणाला. "रस्त्याकडची पन्नास झाडं पहिल्याच हप्त्यात शेळ्यायनं खाल्ली. सरपंचाच्याच शेळ्या. सरपंच म्हणले, जे जगलंय त्याचेच काढ. म्हणून सांगायलो दादा, तुझ्या झाडाला काय करू नको. ॲप जागा बगतं. त्या जाग्यावरचा आबा मेला, तर त्याच जाग्यावरचे पन्नास बी मरतेत."

अर्ध्या तासात महारुद्र सरपंच स्वतः भुजंगच्या घरी आला. कधी न येणारा माणूस चहा अर्धा ठेवून गेला नाही, पूर्ण प्याला.

"भुजंगा, लेका, तुझा बाप आता एकट्याचा न्हाई ऱ्हायला," तो म्हणाला. "अख्खं गाव त्याच्या जिवावर उभं हाय. पुढच्या महिन्यात निकाल हाय स्पर्धेचा. तवर आबाच्या केसाला धक्का लागला न्हाई पायजे."

"आबा जिता व्हता तव्हा शेतरस्त्याला दोन ट्रॉली मुरूम मागत व्हता तुमाला. पाच वर्सं. तव्हा टाकला का?"

"आता टाकतो की."

आणि टाकला. बुधवारी सकाळी मुरूम आला, रोलर फिरला, रस्ता असा झाला की पाण्याचा ग्लास डोक्यावर ठेवून चालावं. शिवाय महारुद्रनं झाडाला टँकरनं पाणी घातलं आणि एक माणूस राखणीला बसवला. माणिकराव दवाखान्यात होते तेव्हा महारुद्र एकदाही भेटायला आला नव्हता. आता दिवसातून दोनदा येऊन पानं बघून जायचा.

म्हणून गुरुवारी, राखणीचा माणूस जेवायला गेल्यावर, भुजंग कोयता घेऊन आला होता. आणि म्हणून बायनाबाई झाडाला पाठ लावून बसली होती.

"माय, ऊठ," तो आता जरा नरम झाला. "पंप जाईल. आबाचाच पंप हाय. तीन वर्सं वाट बगितली त्यानं. पुन्ना फॉर्म भरायचा, पुन्ना तीन वर्सं. तोवर तू कळशी वाहशील का? गुडघे बग तुझे."

बायनाबाई उठली नाही. तिनं सविताच्या हातातलं फडकं घेतलं, भाकरी मोडली, एक तुकडा भुजंगला दिला. मग विचारलं, "ते कॉम्प्युटर काय म्हणतंय?"

"आबा जिता हाय म्हणतंय."

"जमीन कुणाच्या नावावर हाय?"

"आबाच्या."

"पंप कुणाच्या नावावर आलाय?"

"आबाच्या."

"मंग आडलंय कुठं?"

भुजंगनं हातातल्या भाकरीचा घास घेतला. आडलं होतं कुठंतरी नक्की, पण बोट ठेवायला गेलं की सापडत नव्हतं. "आडलंय म्हणजे," तो म्हणाला, "आबा मेलाय ना, तिथं आडलंय."

"ते फकस्त आपल्यालाच ठाव हाय," बायनाबाई म्हणाली आणि ठेच्याला बोट लावलं.

भुजंग तसाच उठून सुकेशनी मॅडमकडं गेला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि मेसेज पुन्हा एकदा मोठ्यानं वाचला. "लाभार्थी मयत असल्यास वारस नोंद. म्हणजे मयत नसल्यास काही लागत नाही."

"पण मॅडम, ते मयत हायेत."

"मी विचारलं का?"

मॅडमनी पाण्याचा घोट घेतला. "तुमचा वारसाचा अर्ज माझ्याकडं आहे. झाडाची नोंद दुरुस्त करायला मी वर लिहिलंय. झाली की त्याच दिवशी तुमचं आणि आईचं नाव लावते. तोवर कॉम्प्युटर जे म्हणतोय ते म्हणतोय. त्याच्याशी कुणी भांडायचं?"

सोमवारी दहा वाजता पंपवाल्यांची गाडी नव्या मुरमावरून आवाज न करता आली. कंपनीचा माणूस नांदेडकडचा होता, कपाळावर गॉगल, हातात टॅब. त्याला त्या दिवशी अजून दोन गावं करायची होती. त्याच्या माणसांनी दुपारपर्यंत खांब रोवले, सोलरच्या पाट्या चढवल्या, पंप विहिरीत सोडला. सगळं जोडून झालं. फक्त बटण दाबायचं राहिलं.

"लाभार्थीला बोलवा," तो म्हणाला. "पंपासोबत फोटो लागतो. तो जुळला की लाईन चालू होते."

"ते हितंच हायेत," भुजंग म्हणाला.

"मग येऊ द्या की पुढं."

"पुढं येता येत न्हाई त्यायला."

"आजारी आहेत का?"

"न्हाई. तब्येत चांगली हाय. वाढ बी चांगली हाय."

कंपनीच्या माणसानं टॅब सुरू केला. "तीन वेळाच फोटो घेता येतो," तो म्हणाला. "तिन्ही फेल गेले तर फाईल बंद. सगळं सोडून परत न्यावं लागतं आम्हाला."

भुजंगनं हे आधीच ओळखून तयारी केली होती. तो झाडामागं गेला आणि आबाचं धोतर, आबाची टोपी, आबाचा चष्मा घालून आला. चष्म्याचा नंबर इतका जोरदार होता की तो पंपाऐवजी म्हशीशेजारी जाऊन उभा राहिला. सवितानं हाताला धरून आणलं. फोटो निघाला. टॅबवर लाल फुली आली. चेहरा जुळत नाही.

"वय कमी दिसतंय," कंपनीचा माणूस म्हणाला.

"पयल्यांदाच कुणीतरी म्हणलं तसं," सविता म्हणाली.

मग सविता घरी जाऊन भिंतीवरचा माणिकरावांचा फोटो घेऊन आली. हार काढला, काचेवरचं कुंकू पदरानं पुसलं आणि पंपाच्या खांबाला टेकवून ठेवला. माणिकराव त्यात जसे होते तसेच दिसत होते, म्हणजे कुणावर तरी चिडलेले. भुजंगला वाटलं, हा तर खुद्द आबा आहे, ह्याला कोण नाही म्हणेल. टॅबवरचा गोल जरा वेळ फिरला आणि पुन्हा लाल फुली. लाभार्थी प्रत्यक्ष हजर नाही.

"हे मात्र बराबर कळलं त्याला," सविता म्हणाली.

कंपनीच्या माणसानं घड्याळ बघितलं. त्याची माणसं पान्हे हातात घेऊन खांबाकडं बघायला लागली. भुजंगनं डोक्यावरची टोपी काढली आणि घाम पुसला. बायनाबाई कुंपणापाशी उभी होती, हातात रिकामी कळशी.

"भाऊ, हे जुळवतंय कशाशी?" सवितानं विचारलं.

"त्यांच्या आधारवर शेवटचा जो फोटो चढलाय ना सरकारी, त्याच्याशी."

"शेवटचा फोटो कुणाचा चढलाय?" सविता नवऱ्याला म्हणाली.

भुजंगनं आधी सविताकडं बघितलं, मग आईकडं, आणि मग तिघांनी मिळून लिंबाकडं बघितलं.

"न्हाई," भुजंग म्हणाला. "असं कुठं असतंय का?"

"आतापर्यंत जे झालं, ते कुठं असतंय का?" सविता म्हणाली.

बायनाबाईनं कळशी खाली ठेवली आणि बाभळीच्या काट्या बाजूला सारल्या. ती झाडाला खेटून उभी राहिली, पदर डोक्यावर नीट घेतला. "काढ, भाऊ," ती म्हणाली. "जोडीचा फोटो न्हाई आमचा. लग्नात काढणारा आला न्हवता."

कंपनीच्या माणसानं काही विचारलं नाही. अजून दोन गावं बाकी असलेला माणूस काही विचारत नाही. त्यानं टॅब उभा धरला. टॅबवरचा गोल फिरायला लागला. फिरला, थांबला, पुन्हा फिरला. टॅबवर आलं, थोडे उजवीकडे सरका. तो माणूस उजवीकडं सरकला आणि कोपऱ्यात म्हशीची शेपटी आली.

हिरवी खूण.

"लाभार्थी जुळला," त्यानं वाचलं. "उंचीत चार इंच वाढ."

त्यानं बटण दाबलं. विहिरीतून घुर्र आवाज आला, पाईप थरथरला आणि भर दुपारी, उन्हात, बोटाएवढी धार मनगटाएवढी झाली. भुजंग पाटाकडं पळाला. पण बायनाबाई त्याच्या आधी पोचली. तिनं पायानंच माती ओढून पाण्याला बांधाकडं वाट करून दिली. पाणी लिंबाच्या बुडाशी गोल जमलं.

"घ्या," ती झाडाला म्हणाली. "दिवसाचं पाणी हाय. आता रात्री झोपा."

भुजंग म्हशीकडं तोंड करून उभा राहिला आणि आबाचा चष्मा उगाच पुसत बसला.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. कळशी घरात पालथी पडली. बायनाबाई तरीही रोज संध्याकाळी शेतात जायची, पण आता मोकळ्या हातानं, नुसती बोलायला. महारुद्रचा राखणदार अजून यायचा आणि लिंबाच्या सावलीत झोपायचा. कोयता भुजंगनं गोठ्याच्या आढ्यात खोचून टाकला.

महिना झाला आणि एका सकाळी माणिकरावांचा जुना मोबाईल वाजला. भुजंग तो खिशात घालून शेतात पाटाचं पाणी वळवत होता. त्यानंच उचलला.

"माणिकराव बोलताय का?" पलीकडून एक गोड आवाज आला.

"न्हाई, त्यायचा पोरगा बोलायलो."

"अभिनंदन तुमचं. हरित गाव स्पर्धेचा निकाल लागला. तुमच्या गावाला नंबर नाही, पण माणिकरावांना पहिलं बक्षीस आहे, उत्कृष्ट वृक्षपालक म्हणून. आम्ही जागा तपासली, तर गावाची सगळी झाडं तुमच्याच गट नंबरात दिसली. एका माणसानं एक्कावन्न झाडं जगवलीत. परभणीला सत्कार आहे, त्यांना घेऊन या."

भुजंगनं बांधाकडं बघितलं. लिंब वाऱ्यावर जरासा हलला.

"ते न्हाई येऊ शकत, साहेब. जागा सोडत न्हाईत."

"एवढा जीव आहे शेतावर?"

"लय."

"अशी माणसं राहिली नाहीत हो आता."

"न्हाई ऱ्हायली," भुजंग मनापासून म्हणाला.

"मग असं करू," साहेबांचा आवाज एकदम उत्साहात आला. "आम्हीच येतो. मोठे साहेब आहेत, कॅमेरावाले आहेत. शाल-नारळ तिथंच देऊ, आणि एक्कावन्न झाडांमध्ये त्यांना उभं करून फोटो काढू. रस्ता चांगला झालाय म्हणे तुमचा. गाडी पेडगावात आलीच आहे, दहा मिनिटांत पोचतो. सरपंचांना पण बोलवून ठेवा. शेतात आहात ना सगळे?"

भुजंगनं बघितलं. लांब नव्या मुरमावर धुरळा उठला होता. झाडाखाली राखणदार घोरत होता. म्हैस नेहमीच्या जागी रवंथ करत उभी होती, फोटोला तयार. आणि तिकडून महारुद्र सरपंच हात हलवत येत होता, रोजच्यासारखा पानं बघायला.

"आबा हाय," भुजंग चपला पायात घालत म्हणाला. "म्हैस हाय. सरपंच बी आलेच बगा. मी न्हाई. मला निघायला पायजे आता."